सीपॅट चाचणी : ५ फूट ३ इंच, ५७ किलोच्या मुलीला जमेल का? हातात १२ आठवडे आहेत

माळरान

भाची कॅलिफोर्नियात असते. वय २३, उंची ५ फूट ३ इंच, वजन ५७ किलो. तिला तिकडच्या अग्निशमन दलात अर्ज करायचाय आणि त्यासाठी सीपॅट (CPAT, उमेदवारांची शारीरिक क्षमता चाचणी) पास असल्याचं पत्र लागतं. चाचणीला १२ आठवडे उरलेत.

सध्याची तयारी: आठवड्यातून तीनदा ५ किमी धावते (२८ मिनिटं), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजनाचा दांडा उचलणं) ६० किलो, पुल-अप्स दोन. तिच्या जिममध्ये सरकत्या पायऱ्यांचं स्टेपमिल नाही, नुसतं पावलं दाबायचं यंत्र आहे.

विचारायचं ते असं: उंचीची अट असते का? लोक नेमके कुठे नापास होतात? आणि हे १२ आठवडे कसे वाटून घ्यावेत? तिला मराठी छान वाचता येतं, धागा तिलाच पाठवणार आहे. त्यामुळे हातचं न राखता लिहा.

---

घण_आणि_आकडी

उंचीचं आधी. सीपॅटमध्ये उंची, छाती, वजन काहीच मोजत नाहीत. मुंबई अग्निशमन दलाच्या २०२२ च्या ९१० जागांच्या जाहिरातीत महिलांना १६२ सेंमी आणि पुरुषांना १७२ सेंमी उंची लागत होती. तुमची भाची तिथे दोन सेंमीनं दारातूनच परत आली असती. इथे घड्याळ सगळ्यांना एकच: १० मिनिटं २० सेकंद. वय, वजन, स्त्री-पुरुष कशाचीही सवलत नाही. आणि निकाल फक्त पास किंवा नापास. ९:१५ ला संपवणारा आणि १०:१९ ला संपवणारा दोघं सारखेच, हे डोक्यात पक्कं बसू दे, कारण पुढचं सगळं नियोजन त्यावर आहे.

ही चाचणी १९९९ मध्ये आली. अमेरिकेतली अग्निशामकांची संघटना आणि दलप्रमुखांची संघटना यांनी न्यूयॉर्क, सिएटल, फिनिक्स, कॅलगरी अशा ठिकाणच्या दहा दलांना सोबत घेऊन ती बसवली. आठ कामं, ठरलेल्या क्रमानं, मधे विश्रांती नाही. अंगात पूर्ण वेळ ५० पौंडांचं (२२.७ किलो) वजनी जाकीट. अग्निरोधक कपडे आणि पाठीवरचा हवेचा संच यांच्या जागी ते असतं.

आता हिशेब. पहिलं काम जिन्याचं, ते बरोबर ३ मिनिटं चालतं. उरली ७:२०. दोन कामांमध्ये ८५ फूट चालत जायचं असतं, तिथे पळणं मना आहे (पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा नापास). त्या चालण्याला साधारण २० सेकंद धरा. असे सात टप्पे, म्हणजे २:२०. हातात राहिली ५ मिनिटं आणि कामं सात. सरासरी ४३ सेकंदांना एक. घाई करावी लागेल असं हे गणित नाही, पण कुठे तरी थांबून दम खाण्याइतकी जागाही त्यात नाही.

१. जिना. स्टेपमिलवर जाकिटाशिवाय आणखी २५ पौंड, दोन्ही खांद्यांवर साडेबारा-साडेबारा. एकूण ७५ पौंड, ३४ किलो. आधी अंग गरम करायला २० सेकंद मिनिटाला ५० पायऱ्यांचा वेग (हे घड्याळात धरत नाहीत), मग न थांबता ३ मिनिटं मिनिटाला ६० पायऱ्या. सर्वांत जास्त लोक इथे अडकतात. लहान चणीच्या माणसाला हे काम महाग का पडतं तेही सांगतो. पायरी ८ इंचांची धरली तर ५७ किलोच्या मुलीला स्वतःच्या दर किलोमागे साधारण ३.२ वॅट काम करावं लागतं, ८५ किलोच्या माणसाला २.८. ओझं दोघांना सारखं, पण ते वाहणारं इंजिन सारखं नाही.

कठड्याला तोल सावरण्यापुरता क्षणभर हात लावता येतो. धरून ठेवलं किंवा भार टाकला की ताकीद. दोन ताकिदी मिळतात, तिसऱ्या वेळी बाद. वेळ सुरू झाल्यावर पडली किंवा उतरली तर तिथेच संपलं. म्हणून नजर खाली पायांकडे नको, समोर एका ठिकाणी ठेवायची आणि पूर्ण पाऊल पायरीवर टेकवायचं. चवड्यावर चढणाऱ्यांच्या पोटऱ्या दुसऱ्या मिनिटाला पेटतात.

२. होज, म्हणजे पाण्याची जाड नळी, ओढणं. नॉझल (पुढचं तोंड) लावलेला २०० फूट होज खांद्यावरून घेऊन ७५ फूट पिंपापर्यंत, तिथे काटकोनात वळून आणखी २५ फूट. मग आखलेल्या चौकटीत एक गुडघा टेकून होजची ५० फुटांची खूण रेषेपार येईपर्यंत ओढायचा. इथे पळायची परवानगी आहे. फसगत अशी की सुरुवातीला होज हलका लागतो. जितका जास्त होज जमिनीवर सरकू लागतो तितका तो जड होत जातो आणि पिंपाला घासल्यावर एकदम ब्रेक लागल्यासारखा वाटतो. वळणाआधी वेग घेतलेला असेल तरच तो निघतो. गुडघ्यावर बसल्यावर नुसत्या हातांनी ओढू नये. कंबर मागे नेत, पाठीनं ओढायचा. गुडघा उचलला किंवा चौकटीबाहेर गेला की ताकीद.

३. करवती. कपाटातून दोन करवती एकेक करून खाली ठेवायच्या, दोन हातांत दोन घेऊन ७५ फूट जाऊन पिंपाला वळसा घालून परत, आणि पुन्हा एकेक करून कपाटात. खाली ठेवून पकड बदलता येते. चालताना हातातून पडली तर मात्र थेट नापास. म्हणून पकड सुटेल असं वाटलं की ठेवाच, दोन सेकंदच जातात.

४. शिडी. २४ फुटी अॅल्युमिनियमची शिडी, एक टोक बिजागरीनं जमिनीला जखडलेलं. दुसरं टोक उचलून एकेक दांडी हातावर हात टाकत भिंतीला टेकवायची. बाजूच्या पट्ट्या धरायच्या नाहीत, दांडी गाळायची नाही. बुटक्या माणसाचा हात खालच्या उंचीवर लागतो म्हणून जोर जास्त लागतो, आणि सर्वांत जास्त लागतो तो शिडी ४५ अंशांवर असताना. त्यामुळे मधे थबकायचं नाही, थबकायचं असेल तर सुरुवातीला. मग शेजारच्या शिडीचा वरचा सरकता भाग दोरानं चढवायचा आणि *तसाच सावकाश उतरवायचा*. घोटाळा उतरवताना होतो. चढवून झालं की मन म्हणतं झालं, आणि दोर मुठीतून सरकतो. दोर सुसाट गेला की नापास.

५. घण. १० पौंडी घणानं जमिनीपासून ३९ इंचांवरच्या निशाणावर भोंगा वाजेपर्यंत मारायचं. तिच्यासाठी ही उंची कंबरेच्या आसपास, म्हणजे सोयीची. आडवा घाव, कंबरेतून. तिरपा बसलेला घाव यंत्र पुरता मोजत नाही. ताकद कमी असलेली पण नेमकी मारणारी माणसं लवकर सुटतात. घण हातातून सुटला तर बाद.

६. शोध. अंधारा बोगदा: ३ फूट उंच, ४ फूट रुंद, ६४ फूट लांब, दोन काटकोनी वळणं, मधे अडथळे आणि दोन ठिकाणी आणखी अरुंद. रांगत जायचं. लहान चणीचा इथे निव्वळ फायदा.

७. सुटका. १६५ पौंडांचा (७५ किलो) बाहुला त्याच्या खांद्याच्या पट्ट्यांना धरून ३५ फूट, पिंपाला वळसा, परत ३५ फूट. पिंपाला धरायचं किंवा टेकायचं नाही. आणि *पूर्ण* बाहुला रेषेपार गेला पाहिजे, पायांसकट. वळसा फार जवळून घेतला की त्याचे पाय पिंपात अडकतात आणि दहा सेकंद जातात.

८. छत. पाईक पोल, म्हणजे आंबे काढायच्या आकडीचा थोरला भाऊ. त्यानं ६० पौंडांची झडप ३ वेळा वर ढकलायची, मग ८० पौंडांचं वजन ५ वेळा खाली ओढायचं. असे ४ फेरे. दहाव्या मिनिटाला खांदे वर करून हे करायचं असतं, त्यामुळे दिसतं त्याहून वाईट. ढकलताना पोल अंगाजवळ ठेवून गुडघ्यातून उठायचं. ओढताना हात वाकवायचे नाहीत, खाली बसत अंगाचा भार टाकायचा. जाकिटासकट तिचा भार ८० किलो, ओढायचंय ३६ किलो. भार टाकला तर सोपं, दंडांनी ओढलं तर दुसऱ्या फेऱ्यात हात संपतात.

---

दमसास

वरचं सगळं बरोबर, मी प्रशिक्षणापुरतं लिहितो.

५ किमी २८ मिनिटांत ही तब्येत वाईट नाही, पण धावणं वाढवून इथे काही मिळणार नाही. धावताना स्वतःचं वजन पुढे न्यायचं असतं, इथे स्वतःच्या ६० टक्के जादा ओझं वर चढवायचंय. तीनचं धावणं एकावर आणा. बाकीचे दोन दिवस जिन्याला द्या.

पहिले ४ आठवडे जाकीट नको. आठवड्यातून दोनदा जिना: ५ मिनिटांच्या तीन फेऱ्या, मिनिटाला ६० पायऱ्या, हात कठड्याला न लावता. आठवड्यातून दोनदा ताकद: स्क्वॉट, एका पायानं बाकावर चढणं, डेडलिफ्ट, रोइंग, डोक्यावर ढकलणं, आणि दोन हातांत डंबेल घेऊन ४० मीटर चालणं. डेडलिफ्ट ६० वरून ८०-८५ पर्यंत जायला हवी, नाहीतर बाहुला हलेल पण हलवणारीच आडवी होईल.

५ ते ८ आठवडे जाकीट घाला. १० पौंडांपासून सुरुवात करून दर आठवड्याला ८ ते १० पौंड. जिन्याच्या फेऱ्या कमी, ओझं जास्त. आठव्या आठवड्याअखेर ४० पौंडांत ४ मिनिटं सलग व्हायला हवीत. ती होत नसतील तर ओझं वाढवू नका, त्याच ओझ्यावर आणखी आठवडा घालवा.

९ ते ११: आठवड्यात एकदाच पूर्ण ७५ पौंडांवर ३ मिनिटं २० सेकंद. दुसऱ्या दिवशी ५० पौंडांत जिना आणि *लगेच* २० सेकंद चालून स्लेज (वजन ठेवून जमिनीवर ओढायची घसरगाडी) ओढणं. हा जोड फार महत्त्वाचा. जिन्यावरून उतरल्यावर पाय कापसासारखे होतात, आणि त्याच पायांनी होज ओढायचा असतो. ज्यांनी प्रत्येक काम वेगवेगळं, ताज्या अंगानं केलेलं असतं त्यांना ही गोष्ट चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा कळते.

बारावा आठवडा हलका. शेवटचा जड दिवस चाचणीच्या ५-६ दिवस आधी.

सरावाची साधनं: बाहुल्यासाठी वाळूची पोती भरलेलं जुनं टायर किंवा जिमचा स्लेज चालेल, मात्र गवतावर, गालिच्यावर आणि सिमेंटवर घर्षण फार वेगळं. वजनाच्या आकड्यावर विसंबू नका; ७० फूट ओढायला ३०-४० सेकंद लागतील इतकं जड करा. घणासाठी टायर उभं बांधून कंबरेच्या उंचीवर आडवे घाव. छतासाठी केबलवर गुडघे वाकवत खाली ओढणं ५, लगेच डंबेल डोक्यावर ३, असे चार फेरे न थांबता.

---

फुल्लस्पीड

एवढं काय? पहिल्या दिवसापासून ७५ पौंड घालून रोज जिना. अंग आपोआप सवय लावून घेतं.

---

दमसास

@फुल्लस्पीड, अंग सवय लावतं, पण सगळे अवयव एका वेगानं नाही. दमसास तीन-चार आठवड्यांत वाढतो, स्नायू सहा-आठ आठवड्यांत, स्नायुबंध आणि हाडं त्याहून सावकाश. दम वाढला म्हणून ओझं वाढवलं की गुडघ्याखाली, नडगीत नाहीतर टाचेत दुखणं सुरू होतं. मग चाचणीच्या तीन आठवडे आधी पाय वर करून बसायचं. रोज तर मुळीच नको, दोन जड जिन्यांमध्ये किमान ४८ तास.

---

माळरान

फार उपयोगी. तिनं वाचून चार शंका पाठवल्या:

१. स्टेपमिलऐवजी अपार्टमेंटचा जिना चालेल का? ९ मजले आहेत.
२. जाकीट महाग आहे, पाठपिशवीत तांदूळ भरले तर?
३. बोगद्यात घाबरायला झालं तर?
४. बाहुला एका हातानं ओढावा की दोन?

---

घण_आणि_आकडी

१. चालेल, पण उतरताना लिफ्टनं या. ओझं घेऊन उतरण्यात गुडघ्यांची वाट लागते आणि चाचणीत उतरणं नाहीच. दुसरं म्हणजे इमारतीत वेग तुम्ही ठरवता, स्टेपमिलवर यंत्र ठरवतं. मोबाइलवर मेट्रोनोम ६० वर लावा, एका ठोक्याला एक पायरी. ९ मजले अडीच-तीन मिनिटांत संपतील. पावलं दाबायच्या यंत्राच्या नादी लागू नका, तिथे पाय उचलावाच लागत नाही. शेवटच्या महिन्यात दोन-चार वेळा तरी खरं स्टेपमिल मिळवा, एक दिवसाचा जिमचा पास काढून का होईना. सरकत्या पायरीवर तोल वेगळा राहतो.

२. सुरुवातीला ठीक. पुढे नाही. पाठपिशवीचं वजन मागे ओढतं, म्हणून माणूस पुढे वाकतो आणि कंबर धरते. जाकिटात ते पुढेमागे वाटलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे छाती आवळतं. ती आवळलेली छाती घेऊन श्वास घ्यायची सवय पिशवीनं लागत नाही. उसनं मिळतंय का पाहा. पिशवीच वापरायची तर अर्धं वजन पुढच्या बाजूला दुसऱ्या पिशवीत.

३. आत हालचालीवर बाहेरून लक्ष असतं. नको वाटलं तर ओरडायचं किंवा भिंतीवर जोरात ठोकायचं, ते झडप उघडून काढतात. पण झडप उघडली की चाचणी संपली. उपाय: एक हात सतत एकाच भिंतीला, पुढचा हात समोर चाचपत, डोकं खाली. घाबरायला होतं ते बहुतेक वेळा श्वास आधीच चढलेला असतो म्हणून. पाचव्या कामानंतरच्या त्या ८५ फुटांत लांब उच्छ्वास सोडत जा. घरात जेवणाच्या टेबलाखाली खुर्च्या लावून, डोळे बांधून, जाकीट घालून रांगायचा सराव हसण्यासारखा दिसतो, पण कामाचा आहे.

४. पट्टी एक धरली तरी चालते, दोन धरल्या तरी. ५७ किलोला दोन. बाहुल्याकडे तोंड, उलटं चालत, कंबर खाली, छोटी छोटी पावलं. त्याच्या पाठीचा भाग थोडा उचलला गेला की जमिनीवर घासणारा भाग कमी होतो. थांबू नका, सुरू करायला लागतो तो जोर चालू ठेवण्यापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे प्रत्येक थांबा दुप्पट महाग.

---

नाडी_बघा

तब्येतीचं कोणीच लिहिलं नाही म्हणून.

अमेरिकेत कामावर असताना होणाऱ्या अग्निशामकांच्या मृत्यूंत आकस्मिक हृदयविकार हे बरीच वर्षं सर्वांत मोठं कारण राहिलं आहे. आग किंवा धूर त्याच्या मागे. आपल्या लोकांत हृदयविकार लवकर येतो, तेव्हा घरात कोणाला पन्नाशीच्या आत झटका किंवा अचानक मृत्यू झालेला असेल तर जाकीट चढवण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. "बाकी सगळं नॉर्मल" एवढंच सांगून सुटू नका. चढताना छातीत दाब, चक्कर, धडधड थांबून थांबून होणं, यात "दम कमी आहे" असं समजून पुढे रेटायचं नाही.

दुसरं, स्नायू फुटणं. सवय नसताना एकदम जड, पुष्कळ, उन्हात, असं केलं की स्नायूंतलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर येतं. खूण: नेहमीपेक्षा फार जास्त दुखणं आणि सूज, आणि लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची. लघवीचा रंग बदलला तर घरी पाणी पीत बसू नये, त्याच दिवशी इस्पितळ. वर @फुल्लस्पीड यांनी सांगितलेला मार्ग सरळ इकडेच जातो.

शाकाहारी असेल तर प्रथिनांचा हिशेब एकदा वहीत मांडावा. दिवसाला वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम धरले तर तिला ९० ग्रॅमच्या आसपास. वरण, पोळी, वाटीभर दही यात ते होत नाही, ४०-५० वर गाडी थांबते. पनीर, ग्रीक योगर्ट, सोया, व्हे (दुधातल्या प्रथिनांची पावडर) यातलं काही रोज हवं. आणि मुलींनी फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची रक्तचाचणी) तपासून घ्यावं. नुसतं हिमोग्लोबिन ठीक असून फेरिटिन खाली असणं खूप आढळतं, आणि त्याचा पहिला परिणाम जिन्यावरच दिसतो.

चाचणीच्या दिवशी नवीन काही पोटात घालू नका. विशेषतः व्यायामाआधीच्या पावडरी. भीतीनं नाडी आधीच वर, त्यात ३०० मिलिग्रॅम कॅफीन, की जिन्याच्या पहिल्याच मिनिटात श्वास तुटतो. अडीच-तीन तास आधी पोहे किंवा ओट्स, केळं, इतकं पुरे.

---

घण_आणि_आकडी

राहिलेल्या बारीक गोष्टी.

फुल पँट, पुढून-मागून बंद बूट, हातमोजे आणि हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट. घड्याळ, लोंबती दागिने चालत नाहीत. हातमोज्यांकडे लोक दुर्लक्ष करतात. बोटांच्या टोकाला अर्धा इंच मोकळं राहिलं तर दोर आणि घण दोन्ही सरकतात. लहान हातांना दुकानात मधल्या मापाचे मोजे सैलच येतात, सगळ्यांत लहान माप शोधून त्याच मोज्यात बारा आठवडे सराव करा.

केंद्रावर चाचणीआधी ओळखीची सत्रं असतात, तिथे प्रत्यक्ष यंत्रं हाताळायला मिळतात, आणि नंतर वेळ लावून सराव फेऱ्याही. अर्ज भरताना "हे मला नको" अशी खूण करून लोक ते सोडून देतात. सोडू नका. शिडीचा दोर, बोगद्याची वळणं आणि घणाचं यंत्र जिममध्ये कुठेच मिळत नाही. वेळ लावलेल्या पहिल्या सराव फेरीत १०:२० च्या पुढे गेली तर कामागणिक सेकंद लिहून आणायला सांगा, बहुधा सगळी गळती दोनच कामांत निघते.

आणि पत्राची तारीख बघा. बरेच विभाग एका वर्षाच्या आतलंच पत्र धरतात. अर्जाची खिडकी कधी उघडते ते आधी पाहून मग चाचणीचा दिवस घ्या.

---

माळरान

तिचं उत्तर आत्ताच आलं: "मामा, टेबलाखालचा सराव रूममेटनं व्हिडिओ काढून ठेवलाय. पाच मिनिटांत दोनदा डोकं आपटलं." हेल्मेट घालायला सांगितलंय. सहाव्या आठवड्यात तिचे जिन्याचे आकडे इथे टाकतो, तेव्हा ओझं वाढवावं की नाही ते @दमसास यांनी सांगावं.